उसनी

"उसनी म्हणजे काय हो?" व्हॅल्युअर बाईंनी विचारलं, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर सांगण्यासारखं काही सापडेना. आम्ही दोघी जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या होतो. त्यांच्या हातात खोल्या मोजायचं लेझरचं यंत्र, माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा पेला. मी साधंच बोलले होते, "ही पुढची खोली, ही मागची, आणि तिच्या पलीकडे उसनी." हे स्वयंपाकघर, हे न्हाणीघर, असं कुणीही म्हणेल तितक्या सहज. आमच्या घरात त्या खोलीला दुसरं नावच नव्हतं. उसनीची खिडकी लाव. इस्त्री उसनीत आहे. दादा उसनीत अभ्यास करतोय, दंगा करू नकोस. लहान असताना मला वाटायचं, जगातल्या प्रत्येक घराला एक उसनी असते. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिच्या आईला विचारलंही होतं की तुमची उसनी कुठे आहे. त्या बाईंचा चेहरा एकदम बदलला. "आम्ही कुणाचं काही उसनं ठेवत नाही," असं त्या जरा तोऱ्यातच म्हणाल्या, आणि मला वाटलं, बिचाऱ्यांना खोल्या कमी असतील. ही गोष्ट मी पार विसरून गेले होते. आज जिन्यात उभ्या उभ्या ती कुठून तरी वर आली आणि उगाचच माझे कान गरम झाले. "काही नाही, असंच नाव पडलंय," मी म्हणाले आणि पेला पुढे केला.

त्यांनी पाणी प्यायलं आणि यंत्राचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर टाकला. सकाळपासून तो ठिपका आमच्या घरभर फिरत होता, आणि तो जिथे जिथे टेकेल तिथे तिथे माझी नजर जात होती. ही खोली, हा जिना, हे सगळं पैशात केवढं होतं ते आज ठरणार होतं. आई जाऊन वर्ष होत आलं. घर तिने आम्हा दोघा भावंडांच्या नावे ठेवलं. दादा दुसऱ्या शहरात राहतो, नोकरीतून मोकळा झालाय. त्याने फोनवर जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की मला त्यात रागवायला कुठे फटच मिळाली नाही. "ढापणे," तो म्हणाला (मला पाचव्या वर्षी चष्मा लागला तेव्हापासून मी ढापणीच आहे, आता पन्नाशी उलटून गेली तरी), "तिथे राहतेस तू, आईचं सगळं केलंस तू. पण मलाही दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. एखाद्या तिऱ्हाईत माणसाकडून घराची आजची किंमत काढू. निम्मे मला दे आणि सुखाने राहा. नाही जमलं तर विकू, निम्मे निम्मे घेऊ. भांडायचं मात्र नाही, आपल्याला ते येत नाही." असा भाऊ मिळायला नशीब लागतं, हे मला फोन ठेवताना कळत होतं. पण बँकेतल्या माणसाने माझ्या पगाराकडे बघून कर्जाचा जो आकडा सांगितला होता तोही माझ्या डोक्यात पक्का बसला होता. घराची किंमत त्या आकड्याच्या दुपटीच्या आत राहिली तर मी राहणार. थोडी वर गेली तर सामान बांधायचं.

म्हणजे माझी सगळी मदार आमच्या घराला कमी लेखलं जाण्यावर होती. लोक व्हॅल्युअर येणार म्हणून भिंती रंगवतात. मी काल खालच्या खोलीतलं कपाट हाताभर सरकवून ठेवलं, त्याच्या मागचे ओलीचे पोपडे नीट दिसावेत म्हणून. मागचं दार दर पावसाळ्यात फुगतं, त्याला मी आठवडाभर तेल घातलं नाही. आज बाईंनी ते ओढलं आणि ते असं काही कण्हलं की मला त्याचं कौतुक वाटलं. आणि लगेच लाजही वाटली. ज्या भिंतींनी मला वाढवलं त्यांना मी परक्या माणसासमोर हलकं पाडत होते. पोपड्यांसमोर उभी राहून मी मनातल्या मनात माफी मागितली, आणि पुन्हा मनातल्या मनात म्हणाले, पण जरा साथ दे. बाई कामाला पक्क्या होत्या. बोटाच्या पेराने भिंती वाजवत होत्या, जिन्याखाली वाकून लाकूड नखाने खरवडून बघत होत्या. ही ओळ मूळची एका कारखान्याची. कामगारांसाठी बांधलेली, भिंतीला भिंत लावून, एकसारख्या दारांची घरं. कारखाना केव्हाच गेला, घरं राहिली, आणि आता गाव अंगावर वाढत आलं म्हणून त्यांना भाव आला. "जागेला भाव आहे ताई, पण बांधकामाचं वय बघता घसारा बराच धरावा लागेल," त्या म्हणाल्या, जरा सांत्वनाच्या सुरात. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. घसारा. काय सुंदर शब्द आहे.

मग त्या वर आल्या, आणि उसनीचं ते विचारून झालं, आणि वरच्या खोल्या मोजायला लागल्या. मोजल्या, यंत्राकडे बघितलं, यंत्र तळहातावर आपटलं, पुन्हा मोजल्या. खाली जाऊन आल्या. "ताई, तुमचा वरचा मजला खालच्यापेक्षा मोठा भरतोय." मी म्हणाले, असं कसं होईल. त्या म्हणाल्या, तेच तर म्हणते मी. माझ्या डोळ्यांसमोर एक वेडगळ चित्र आलं, आमचं घर वरच्या बाजूने हळूहळू फुगतंय, मागच्या दारासारखं. बाई मागच्या खोलीतून उसनीच्या दाराशी गेल्या. तिथे एक पायरी चढावी लागते. आमची गल्ली चढाची, त्यामुळे प्रत्येक घर आधीच्यापेक्षा थोडं उंच, हे मला माहीत होतं. पण घराच्या आत मधेच एक पायरी का आहे, हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. बाईंनी दाराच्या चौकटीत हात आडवा धरला. भिंतीची जाडी कोपरापर्यंत आली. "ही आतली भिंत नाही," त्या म्हणाल्या. "ही दोन घरांमधली सामाईक भिंत आहे. कुणीतरी ती फोडून दार काढलंय. तुमची ही खोली शेजारच्या घरात आहे." आणि मग, त्यांना जे मघाशी समजलं नव्हतं तेच त्यांच्या तोंडून आलं, सावकाश, एखादं कोडं सुटल्यासारखं. "अहो ताई. उसनी."

उसनं हा शब्द मला येत नव्हता असं थोडंच आहे. वाटीभर साखर उसनी आण म्हणून आई मलाच शेजारच्या काकूंकडे पिटाळायची, आणि साखर आणून मी उसनीत खेळायला जायचे. एकाच दमात दोन्ही शब्द बोलत होते मी, पण ते माझ्या डोक्यात एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. वर्षानुवर्षं तोच तक्ता बघून बघून काहींची अक्षरं पाठ होतात, समोर धूसर दिसत असलं तरी ते धडाधड म्हणून दाखवतात, आणि मला तक्ता बदलावा लागतो. गिऱ्हाईकं ओशाळतात. मी म्हणते, ओशाळायचं काय त्यात, पाठ झालं की माणूस बघायचं थांबतो. हे मी इतक्या जणांना इतक्या शहाणपणाने सांगितलं आहे. आणि आईने, बिचारीने, कधी वेगळं बसवून सांगितलं नाही, कारण सांगायचं काय होतं? ती तर रोज सांगतच होती. दिवसातून दहा वेळा, जिन्याखालून ओरडून.

मी त्या पायरीवर बसले. भिंतीच्या जाडीत. ही माझी जागा होती. बाबा आतल्या खोलीत खाटेवर असायचे, आणि मला आत जायला मनाई होती, म्हणून मी इथे बसायचे, ना बाहेर ना आत. त्यांची छाती गेली होती. डॉक्टरांनी आईला सांगितलेलं, वेगळी खोली, ऊन, मोकळी हवा, आणि पोरं लांब. खाली एक खोली, वर दोन, माणसं सहा, कारण तेव्हा आजी-आजोबाही आमच्याकडेच असायचे. वेगळी खोली आणायची कुठून? हा प्रश्न मला आज पहिल्यांदा पडला. तेव्हा खोली होतीच. तिच्या खिडकीतून सकाळचं ऊन यायचं आणि आधी बाबांच्या पायांवर पडायचं, मग गुडघ्यांवर, आणि ते छातीशी पोचेपर्यंत मला शाळेला जावं लागायचं. ते मला लांबूनच विचारायचे, आज काय शिकवलं? मी सांगायचे. ते ऐकताना डोळे मिटायचे, आणि झोपले की ऐकतायत हे मला कळायचं नाही, म्हणून मी बोलतच राहायचे. बाबांची मला एवढीच आठवण आहे, आणि ती पूर्ण आहे. त्या उन्हामुळे आहे, त्या पायरीमुळे आहे. ती खोली नसती तर त्यांना कुठल्या तरी लांबच्या इस्पितळात ठेवावं लागलं असतं आणि मला एवढीही आठवण उरली नसती.

बाबांनंतर आईने खोली धुऊन काढली, चुना दिला, आणि तिथे शिवणयंत्र ठेवलं. त्या यंत्रावर आम्ही शिकलो. दादा तिथे बसून परीक्षांचा अभ्यास करत गेला, आईचं यंत्र खडखडत असताना, आणि पुढे नोकरी लागल्यावर म्हणायचा की शांत ऑफिसात त्याचं लक्षच लागत नाही. आणि मग मी. माझा संसार तीन वर्षांत मोडला. कुणी मारहाण केली नाही, कुणी पळून गेलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना धूसर दिसत होतो एवढंच, आणि कुठलीही काच लावून ते सुधारेना. मी बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा आई पीठ मळत होती. आता ही विचारेल, काय झालं, कुणाचं चुकलं, लोकांना काय सांगायचं, म्हणून मी वाटभर उत्तरं जुळवत आले होते. तिने हात न धुताच माझ्याकडे बघितलं. "उसनीत चादर घातली आहे," ती म्हणाली. बस्स. मी आडवी झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. तिने ती चादर केव्हा घातली होती, किती दिवस आधी, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता बसल्या जागी माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि व्हॅल्युअर बाई अवघडून यंत्राची बटणं दाबायला लागल्या. मला त्यांना सांगायचं होतं, घाबरू नका, हे बरं रडू आहे. इतकं सगळं कुणीतरी आपल्याला दिलं होतं, आणि ते दिलेलं होतं हे आता कळलं, इतकंच.

पण खोटं कशाला बोलू, त्या रडण्याच्या आतच, अगदी त्याच्या पोटातच, माझं डोकं आकडे मांडत होतं. उसनी आमची नाही. म्हणजे ती किमतीत धरायची नाही. घरातली सगळ्यात उजेडाची खोली वजा. म्हणजे आकडा खाली. म्हणजे मी राहणार. हा आनंद इतक्या झटक्याने आला की मला तो संशयास्पद वाटला. खरं बोलल्याने नुकसान होत असेल तर आपण खरं बोलतोय हे निदान स्वतःला पटतं. फायदा होत असेल तर काय करायचं? माझ्या मनात एकीकडे बाबांच्या पायांवरचं ऊन होतं आणि दुसरीकडे बँकेतल्या माणसाचा टाय होता, आणि दोन्ही एकदमच स्पष्ट दिसत होते.

"त्याचं असं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी मला डोळे पुसायला पुरेसा वेळ दिला होता, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "कागदावर खोली शेजारची. पण इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, ये-जा तुमच्याच घरातून. शेजारच्यांनी म्हटलं, आम्ही ती केव्हाच देऊन टाकली, तर मला ती धरावी लागेल. आणि ती धरली तर..." त्यांनी पाठीमागच्या उजेडाकडे बघितलं. "खोली छान आहे ना." मी म्हणाले, हो, छान आहे. "ते म्हणाले आमची आहे, तर नाही धरणार. मी बाहेरची मापं घेते तोवर विचारून येता का? कुणी आहे का त्या घरात?" काकू आहेत, मी म्हणाले. आणि तिथेच माझा हिशेब अडला. कारण काकूंना मी ओळखते. जन्मात कुणाला दिलेली वस्तू त्यांनी परत घेतलेली नाही. छत्री परत करायला गेलं तर म्हणतात, असू दे गं, तुझ्याकडेच बरी दिसते. काकूंनी मोठ्या मनाने "दिली ती दिली" म्हटलं की माझं घर गेलं. एखाद्याच्या चांगुलपणाची इतकी धास्ती मला कधी वाटली नव्हती.

आधी दादाला फोन लावला. त्याच्या पाठीमागे आमचा हा कारभार नको होता. सगळं सांगितलं, आकड्यासकट. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?"

"तुला होतं?"

"अगं, विटा मी वाहिल्यात. शेजारचे काका भिंत फोडत होते आणि मी बादलीतून राबिट खाली नेत होतो. तू खाली पाळण्यात बोंबलत होतीस. मला वाटलं तुला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक होतं."

"मला नाव वाटायचं रे ते."

यावर तो हसला. इतका हसला की खोकला आला, आणि खोकला अगदी बाबांसारखा आला. मी म्हणाले, "दादा, ती खोली धरली नाही तर तुझा हिस्सा कमी होतो, कळतंय ना?"

"ढापणे, हिशेबात पक्की झालीस." माझ्या डोळ्यांसमोर त्याचे दोन्ही गुडघे आले. "कमी होतो हे खरं आहे," तो म्हणाला. "एक गुडघा आत्ता करू, दुसरा पुढच्या वर्षी. त्या खोलीत बाबा होते गं. तिचे पैसे घेऊन मी कुठे चालत जाऊ?" आणि लगेच, आवाज बदलून, "काकूंना विचार मात्र. त्या देऊन टाकली म्हणाल्या तर माझा इलाज नाही, मी दोन्ही करून घेईन." भांडण आम्हाला खरंच येत नाही.

काकूंचं दार दिवसा लोटलेलंच असतं. त्या खालच्या खोलीत खिडकीपाशी बसतात. जिना त्यांनी सोडून दिलाय, सगळा संसार खाली आणलाय, आणि दुपारपर्यंत वर्तमानपत्र वाचतात, मी करून दिलेल्या जाड चष्म्याने, एकही ओळ न सोडता. काका गेले त्यालाही बराच काळ झाला. ते छापखान्यात होते, बोटं कायम काळी, आणि फारसे बोलायचे नाहीत. भिंत फोडणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. मी स्टूल ओढून बसले. कुठून सुरुवात करावी कळेना. शेवटी म्हणाले, "काकू, एक वस्तू परत करायची राहिली आहे. आईने घेतलेली."

"असू दे गं," काकू वर्तमानपत्रातून म्हणाल्या. मला धडकीच भरली.

"असू दे काय, काय ते ऐका तरी. उसनी."

काकूंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "इतक्या वर्षांनी?" त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर व्हॅल्युअर बाई टाचा उंचावून आमच्या भिंतीवर लाल ठिपका टाकत होत्या.

"ती खोली आम्ही तयार करून ठेवलेली," काकू म्हणाल्या. "दोनदा. यांनी पिवळा रंग दिला होता, कुठला रंग तेव्हा विचारायची पद्धत नव्हती, पिवळा कुणालाही चालतो. दोन्ही वेळा दवाखान्यातून रिकाम्या हाताने आलो. मग मी ते दार उघडायची बंद झाले. झाडायलासुद्धा नाही. आणि मग तुझ्या बाबांचं ते दुखणं. हे म्हणाले, देऊ या का त्यांना? मी म्हटलं, देऊन टाका. कायमची. आपल्या बाजूचं दार बुजवा आणि मला ती खोली पुन्हा दिसू देऊ नका." त्या थांबल्या. "तुझी आई आली. इथेच उभी होती. म्हणाली, देऊन टाकू नकोस. मला नको तशी. उसनी दे. मी म्हटलं, अगं घे की, मला काय करायची आहे? तर म्हणाली, तुला लागेपर्यंत."

खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"मला राग आला तिचा," काकू म्हणाल्या. "आणि त्यात ती रोज ओरडायची. भिंतीतून सगळं ऐकू येतं, तुम्हाला वाटतं येत नाही. उसनी झाडली का? उसनीत ऊन आलं का? दिवसभर उसनी, उसनी. मला वाटायचं, ही मुद्दाम करते. करतही होती मुद्दाम. मला हळूहळू समजलं ते. तेवढी एक बाई होती जिने धरून ठेवलं होतं की मला ती खोली लागणार आहे. डॉक्टर नाही, सासू नाही, हे सुद्धा नाहीत. ती रोज सांगायची, मोठ्याने, की ही माझी नाही हं, हिला लागेल ती. त्यावर मी कितीतरी वर्षं काढली." त्या जराशा हसल्या. "मग ते वय गेलं. सगळ्यांनाच कळलं की आता नाही लागणार. मला वाटलं, आता ती नाव बदलेल. मागची खोली म्हणेल, शिवणाची खोली म्हणेल. नाही बदललं तिने. शेवटपर्यंत."

मला आईचा आवाज ऐकू आला, जिन्याखालून येणारा, जरा किनरा, ज्याचा मला लहानपणी कंटाळा यायचा. तो आवाज दोन घरांसाठी होता. अर्धा आमच्यासाठी, अर्धा भिंतीपलीकडे बसलेल्या या बाईसाठी, आणि मी आजवर माझ्या वाट्याचा अर्धा ऐकून तेवढाच आहे असं धरून चालले होते. मला आईचा इतका अभिमान वाटला की काही क्षण घराचं, बँकेचं, कशाचंच भान राहिलं नाही. मग आलं. मी काकूंना सगळं सांगितलं. दादाचे गुडघे, बँकेचा आकडा, बाहेरची बाई, आणि तुम्ही खोली परत मागितलीत तर माझा फायदा आहे, हेसुद्धा. ते लपवून त्यांच्यासमोर बसता आलं नसतं.

काकूंनी नीट ऐकलं, वर्तमानपत्र वाचतात तसं. "म्हणजे मी दिली म्हटलं तर तू जाणार, आणि परत घेतली म्हटलं तर राहणार?"

"हो."

"मग एवढं पाल्हाळ कशाला लावलंस? घेतली परत." त्यांनी खिडकीवर टकटक केली. व्हॅल्युअर बाईंनी दचकून मान वळवली. "अहो, ती वरची खोली माझी आहे," काकू तावदानातून ओरडल्या, "लिहून घ्या. सही हवी असेल तर आत या, मला उठवत नाही." बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. इतकंच. माझं घर माझ्याकडे राहिलं होतं. मला उठून काकूंच्या पाया पडावं की नाचावं ते कळेना, म्हणून मी नुसतीच बसून राहिले, आणि मग आठवलं की आता गवंडी बोलवायला हवा. दार बुजवायचं, काकूंच्या बाजूचं पुन्हा उघडायचं. माझी पुस्तकं, बिछाना, आईचं यंत्र, सगळं बाहेर काढायचं. "मी या आठवड्यातच रिकामी करते," मी म्हणाले. "गवंड्याचा खर्च माझा."

"कर," काकू म्हणाल्या. "आणि मग? मी तिथे वर जाऊन काय करू, कवायत?" त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे रोखून बघितलं. जाड काचांमुळे त्यांचे डोळे मोठे दिसतात, त्याला मीच जबाबदार आहे. "माझी खोली आहे ना आता ती?"

"तुमचीच आहे."

"मग माग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आयुष्यभर जो शब्द मी हजारदा उच्चारला होता, तो मागणं म्हणून कधी उच्चारला नव्हता. माझ्या आईने तो इथेच उभं राहून उच्चारला होता, वर आजारी नवरा, कडेवर मी, आणि तरी तिला समोरच्या बाईचं सुचलं होतं. मी स्टुलावरून उठले. बसून मागणं बरं दिसेना.

"काकू, ती वरची खोली मला उसनी द्याल का?"

"किती दिवसांसाठी?"

"तुम्हाला लागेपर्यंत."

काकूंनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं आणि सोडलेली ओळ बोटाने शोधली. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. "सावकाश दे. घाई नाही मला."